हवालदाराचा अर्ज

पहाटे काष्टीच्या रस्त्यावर सैन्यभरतीची तयारी करणारी मुले धावताना दिसतात. उंचीत बसू का, छाती भरेल का, धावण्यात टिकू का, एवढीच चिंता त्यांना असते. आपल्याला त्या मैदानात उभे तरी राहू देतील का, हा प्रश्न त्यांच्या मनाला शिवतही नाही. हा प्रश्न ज्यांच्यापुढे उभा राहिला आणि ज्यांनी त्यासाठी लेखणी उचलली, त्या गोपाळबाबा वलंगकरांची ओळख आपण करून घेऊ या.

गोपाळबाबा महाडजवळच्या रावढळ गावचे. जातीने महार. मुंबई इलाख्याच्या इंग्रजी फौजेत महारांना जुने स्थान होते. आपल्या घोड नदीकाठच्या शिरूर छावणीतून निघून जी पलटण 1 जानेवारी 1818 रोजी कोरेगावी लढली, तिच्यातही महार शिपाई होते. गोपाळबाबाही फौजेत गेले आणि 1886 साली हवालदार म्हणून निवृत्त झाले.

फौजेने त्यांना पगाराबरोबर अक्षरही दिले. पलटणीच्या शाळेत शिपाई शिकत, त्यांची मुले शिकत. गावच्या शाळेचा उंबरठा ज्यांना बंद होता, त्यांच्या दृष्टीने ही केवढी मोठी गोष्ट! आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. म्हणून तिचे मोल मला कळते.

निवृत्तीनंतर ते दापोलीस राहिले. महात्मा फुल्यांच्या विचारांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. 1888 साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढून अस्पृश्यतेला आधार काय, असा रोखठोक सवाल केला. ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’ ही संस्थाही त्यांनी स्थापन केली.

अशातच 1892 च्या सुमारास सरकारने महारांची भरती बंद केली. काही जाती लढवय्या आणि बाकीच्या नाहीत, असे नवे धोरण आले होते. पिढ्यान्‌पिढ्या केलेली चाकरी एका फटक्यात विसरली गेली. नोकरी गेली, निवृत्तिवेतनाची आशा गेली आणि पलटणीची शाळाही गेली. गोपाळबाबांचे स्वतःचे निवृत्तिवेतन चालूच होते. ते स्वस्थ बसू शकले असते. पण 1894 साली त्यांनी भरती पुन्हा खुली करावी म्हणून अर्ज लिहिला. आपल्या लोकांची सेवा त्यात मांडली, आपण मूळचे क्षत्रिय असल्याचेही सांगितले. हे वाचून आज मनाला वाईट वाटते. शिपायाने आपले कर्तृत्व दाखवावे की कूळ? पण सरकारच कूळ विचारत होते, त्याला ते काय करणार!

दार उघडले नाही. 1895 साली महाडच्या तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली आणि 1900 साली ते निवर्तले. मात्र अर्जाची परंपरा राहिली. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी 1910 साली हीच मागणी सरकारपुढे पुन्हा ठेवली. पहिल्या महायुद्धात महारांची पलटण उभी राहिली आणि 1921 साली मोडली. शेवटी डॉ. आंबेडकरांच्या प्रयत्नांना यश येऊन 1941 साली बेळगावात महार रेजिमेंट स्थापन झाली.

आज घटनेच्या 16 व्या कलमाने सरकारी नोकरीत समान संधी दिली आहे. अन्याय झाल्यास जवानाला 1950 च्या सेना कायद्याप्रमाणे वरिष्ठांकडे तक्रार करता येते, आणि 2009 पासून सशस्त्र दल न्यायाधिकरणही आहे. तरीही प्रत्येक दार आपोआप उघडत नाही. स्त्री अधिकाऱ्यांना कायम कमिशनसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. निकाल 2020 साली लागला. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत मुली 2022 साली आल्या.

मित्रहो, गोपाळबाबांच्या अर्जाला उत्तर देण्यास कोणीही बांधलेला नव्हता. तरी त्यांनी तो लिहिला. आज उत्तर देणे ज्यांना बंधनकारक आहे, त्यांच्याकडे अर्ज करायला आपण का कचरावे?