विश्लेषण : प्रतापराव गुजर नेसरीच्या खिंडीत का शिरले? हकीकत सुरू कुठून करायची, यावर निकाल कसा बदलतो?

गडहिंग्लज तालुक्यातील नेसरीजवळच्या खिंडीत २४ फेब्रुवारी १६७४ रोजी स्वराज्याचे सरनोबत प्रतापराव गुजर अवघ्या सहा स्वारांसह आदिलशाही फौजेवर चालून गेले. सातही जण मारले गेले. एवढेच सांगून थांबले, तर फौज मागे ठेवून स्वतः मरणाच्या तोंडी जाणारा सेनापती दिसतो. दहा महिने मागून सांगायला सुरुवात केली, की हीच घटना वेगळी दिसू लागते. प्रतापरावांवरचा वाद साडेतीनशे वर्षांनंतरही मिटत नाही, त्याचे एक कारण हे आहे.

पूर्वपीठिकेला एवढे वजन कशामुळे?

प्राचीन रोममध्ये वकिलाच्या भाषणाचे ठरलेले भाग असत. प्रस्तावनेनंतर आणि पुराव्यांच्या आधी घडल्या प्रकाराची हकीकत यायची. ती थोडक्यात, स्पष्ट आणि पटण्याजोगी असावी, असे सिसेरोच्या काळातील ग्रंथ सांगतात. पुढे क्विंटिलियनने यातले मर्म ओळखले. त्याच्या मते हकीकत हा सलग सांगितलेला पुरावाच असतो. ऐकणाऱ्याला वाटते, अजून युक्तिवाद सुरू व्हायचा आहे. प्रत्यक्षात त्याचे मत तोवर निम्मे तयार झालेले असते.

मराठी मुलखाला हे काही नवे नव्हते. वतनाच्या तंट्यात गोतसभेपुढे वादी-प्रतिवादी आपापली तकरीर देत. घराण्याने कोणाच्या कारकिर्दीत काय सेवा केली, कोणते संकट सोसले, हे सांगणारे ‘करीने’ लिहिले जात. जेधे घराण्याचा करीना प्रसिद्धच आहे. वतनावरचा हक्क सांगायचा, तर आधी घराण्याची गोष्ट सांगावी लागे.

प्रतापराव कोण होते?

मूळ नाव कुडतोजी गुजर, गाव खटाव तालुक्यातील भोसरे. नेताजी पालकरांनंतर सरनोबती त्यांच्याकडे आली आणि प्रतापराव हा किताब मिळाला. मोगलांशी तह झाल्यावर मराठ्यांची एक फौज औरंगाबादेत शहजादा मुअज्जमकडे राहिली. तिच्याबरोबर प्रतापराव आणि निराजी रावजी होते. पुढे त्यांना पकडण्याचा हुकूम बादशहाकडून निघाला. सभासद बखरीनुसार खुद्द शहजाद्यानेच त्यांना आधी सावध केले आणि फौज सुखरूप बाहेर पडली.

१६७२ मध्ये साल्हेरला मोरोपंत पिंगळे आणि प्रतापरावांनी मोगलांचा मैदानी लढाईत पराभव केला. मराठे डोंगराआडूनच लढू शकतात, हा समज तिथे मोडला. त्यामुळे नेसरीला पडलेला माणूस नवशिका नव्हता, हे आधीच लक्षात घ्यावे लागते.

उमराणीत काय बिघडले?

मार्च १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदांनी मोजक्या माणसांनिशी पन्हाळा घेतला. तो परत मिळवण्यासाठी विजापूरने अब्दुल करीम बहलोलखानाला पाठवले. एप्रिलमध्ये आजच्या जत तालुक्यातील उमराणीला प्रतापरावांनी त्याला गाठले आणि त्याचे पाणी तोडले. उन्हाळ्याचे दिवस, तहानेने हैराण झालेली फौज, खान अडकला. त्याने गयावया केली आणि प्रतापरावांनी त्याला जाऊ दिले.

शिवाजी महाराज संतापले. परवानगीवाचून सला केलाच कसा, हा त्यांचा सवाल होता. प्रतापराव पुढे हुबळीकडे वळले, तिथे लूट केली. मोकळा सुटलेला खान मात्र पुन्हा पन्हाळ्याच्या मुलखात उतरला. खानाचा फडशा पाडल्याशिवाय तोंड दाखवू नये, असा महाराजांचा निरोप गेल्याचे बखर सांगते.

प्रतापरावांची बाजू मांडणारा वकील इथे काय करील? तो औरंगाबादेपासून सुरुवात करील. ज्याला एकदा शत्रूच्या गोटातूनच जीवदान मिळाले, त्याने पाण्यासाठी तडफडणाऱ्या शत्रूला सोडले, असे तो नुसते शेजारी शेजारी ठेवील. दोन्हींचा संबंध आहे, असा दावा करण्याची त्याला गरजच पडणार नाही. तसा संबंध दाखवणारा कागद नाही. तो जुळतो ऐकणाऱ्याच्या मनात. महाराजांची बाजू मांडणारा पन्हाळ्यापासून सुरू करील: किल्ला नुकताच हाती आलेला, राज्याभिषेकाची तयारी तोंडावर आणि किल्ला घ्यायला आलेला सरदार सेनापतीच्या शब्दावर मोकळा. दोन्ही हकीकती खऱ्या आहेत. तरी महाराजांची बाजू अधिक भक्कम वाटते, कारण खान खरोखरच परत आला.

खिंडीत नेमके काय झाले?

सभासद बखरीत इथे मोठी लढाई झाल्याचे वर्णन आहे. सात जणांचा आकडा येतो तो नारायण शेणवी यांनी मुंबईच्या इंग्रजांना एप्रिल १६७४ मध्ये पाठवलेल्या पत्रातून. दोन डोंगरांमधल्या अरुंद वाटेत प्रतापराव आणि सहा स्वार पडले. उरलेली फौज त्यांच्या पाठोपाठ गेली नाही, असा त्याचा आशय. हा तपशील महत्त्वाचा आहे. सात जणच जायचे ठरले होते, की पुढे गेलेल्या सातांना मागच्यांनी गाठले नाही? पहिले म्हणजे आत्मार्पण, दुसरे म्हणजे रणातली फाटाफूट. कुसुमाग्रजांच्या गीतामुळे आणि लता मंगेशकरांच्या आवाजामुळे मराठी मनात पहिलीच गोष्ट पक्की बसली आहे. पत्राचा सरळ अर्थ लावला, तर दुसरी शक्यता बाजूला सारता येत नाही. त्या सहा जणांची जी नावे आज सांगितली जातात, तीही या पत्रात नाहीत.

पुढे काय झाले?

फौज विस्कटली नाही. आनंदरावांनी ती सावरली आणि महिन्याभरात आदिलशाही मुलखात शिरून संपगावची पेठ लुटली. सरनोबती हंबीरराव मोहित्यांकडे गेली. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा सेनापती म्हणून हंबीररावच होते.

स्वतःच्या निरोपाचा शेवट असा होईल, याचे महाराजांना दुःख झाल्याचे बखर नोंदवते. १६८० मध्ये त्यांनी धाकटे पुत्र राजाराम यांचा विवाह प्रतापरावांची कन्या जानकीबाई हिच्याशी लावून दिला. ज्याला तोंड दाखवू नकोस म्हटले होते, त्याची लेक भोसल्यांची सून म्हणून रायगडावर आली.