विजेला तराजू देणारा एडिसन

बाजारात तांदूळ घ्यावयास गेलेल्या मनुष्याची नजर आपोआप तराजूच्या काट्याकडे जाते. दूध मापाने येते, कापड मोजून फाडले जाते, आणि मापात खोट आढळली तर गिऱ्हाईक तेथल्या तेथे दुकानदारास जाब विचारू शकते. वीज ही वस्तू मात्र निराळी. ती डोळ्यांना दिसत नाही, हाती धरता येत नाही, साठवून पुन्हा मोजून पाहता येत नाही. तरीही तिचे बिल नेमाने घरी येते. ती मोजावी कशी, आणि मोजणी बरोबर झाली हे ग्राहकाने मानावे कशावरून, हा प्रश्न जुने मीटर काढून नवे स्मार्ट मीटर बसविण्याच्या निमित्ताने आज आमच्या भेस्तानसारख्या वस्तीतही विचारला जातो. परंतु हा प्रश्न नवा नव्हे. सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वी थॉमस आल्वा एडिसन याच्यापुढे तो उभा राहिला होता. विजेच्या दिव्याचा कर्ता म्हणून एडिसनचे नाव आमच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहे. वीज मोजून विकणारा एडिसन मात्र तितकासा परिचित नाही. त्याचीच ओळख येथे करून देण्याचा आमचा मानस आहे.

एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ रोजी अमेरिकेतील ओहायो संस्थानात मायलन या लहानशा गावी झाला. सात भावंडांत तो सर्वांत धाकटा. पुढे त्याचे कुटुंब मिशिगन संस्थानातील पोर्ट ह्यूरन येथे राहावयास गेले. शाळेचा लाभ त्याला अवघे काही महिनेच मिळाला. त्याची आई नॅन्सी ही पूर्वी शिक्षिका होती. तिने मुलाला घरीच शिकविले आणि वाचनाची गोडी लावली. बाराव्या वर्षी तो पोर्ट ह्यूरन ते डेट्रॉइट धावणाऱ्या आगगाडीत वर्तमानपत्रे व खाऊ विकू लागला. गाडीच्या डब्यातच त्याने एक लहानसे छापयंत्र मांडले आणि स्वतःचे साप्ताहिक काढले. लहानपणीच त्याला ऐकू कमी येऊ लागले होते, परंतु त्यामुळे तो खचला नाही. एकदा एका स्टेशनमास्तरांच्या लहान मुलाला त्याने गाडीखाली सापडण्यापासून वाचविले. त्या उपकाराची फेड म्हणून स्टेशनमास्तरांनी त्याला तारायंत्राची विद्या शिकविली. विजेशी त्याचा जो संबंध जुळला, तो येथपासून.

१८६९ साली त्याने आपले पहिले पेटंट घेतले. विधिमंडळातील मते झटपट मोजणारे ते यंत्र होते. यंत्र उत्तम चाले. पण सभासदांना मतमोजणी इतक्या लवकर उरकावयास नको होती, म्हणून ते कोणी घेतले नाही. लोकांना ज्याची गरज आहे आणि जे विकत घेणे त्यांना परवडेल, तेच शोधून काढावयाचे, असा निश्चय त्या दिवसापासून एडिसनने केला. त्याच्या पुढील सर्व कार्याचे मर्म या निश्चयात आहे.

१८७६ साली मेन्लो पार्क येथे त्याने आपली प्रयोगशाळा उभारली. १८७७ मध्ये बोललेले शब्द पुन्हा ऐकविणारा फोनोग्राफ तेथे जन्मास आला. नंतर तो दिव्याकडे वळला. निर्वात काचेच्या गोळ्यात अनेक पदार्थांच्या तारा जाळून पाहिल्यावर, १८७९ च्या ऑक्टोबरमध्ये कोळसा केलेल्या सुती धाग्याने त्याला यश दिले. पुढे जपानी बांबूच्या तंतूंनी ते दिवे अधिक टिकाऊ झाले. हा इतिहास पाठ्यपुस्तकांत आलेला असल्याने आम्ही तो येथे विस्ताराने सांगत नाही.

दिवा लागला, पण तो घरोघर जावा कसा? त्या काळी न्यूयॉर्क शहरात गॅसच्या बत्त्या जळत, आणि गॅस मीटरने मोजून विकला जाई. विजेचा दिवा गॅसपेक्षा महाग पडला तर तो श्रीमंतांचा खेळ होऊन बसेल, हे एडिसनने ओळखले. म्हणून त्याने आपली माणसे वस्तीत पाठवून कोणाकडे किती बत्त्या आहेत याची पाहणी करविली, आणि विजेचा दर गॅसच्या बरोबरीने ठरविला. ४ सप्टेंबर १८८२ रोजी पर्ल स्ट्रीटवरील त्याचे वीजकेंद्र सुरू झाले. तेथील एकेका जनित्राचे वजन सुमारे सत्तावीस टन होते. त्या दिवशी सुमारे चारशे दिवे लागले. दोन वर्षांत त्यांची संख्या दहा हजारांवर गेली. पुरवठा भरवशाचा होईपर्यंत आरंभीचे काही महिने त्याने ग्राहकांकडून पैसे घेतले नाहीत.

नंतर पैसे घ्यावयाची वेळ आली, तेव्हा मापाचा प्रश्न उभा राहिला. एडिसनने त्याकरिता जो मीटर केला होता, त्यात काटा नव्हता की आकडेही नव्हते. एका पेटीत काचेच्या बरण्या असत. प्रत्येक बरणीत जस्ताच्या क्षाराचे द्रावण आणि त्यात जस्ताच्या दोन पट्ट्या. घरात येणाऱ्या विजेचा एक ठराविक लहानसा अंश त्या द्रावणातून जाई. वीज वाहू लागली की एका पट्टीवरील जस्त विरघळून दुसरीवर जमे. एक अँपिअर प्रवाह एक तासभर वाहिला तर सुमारे १·२२ ग्रॅम जस्त एका पट्टीवरून दुसरीवर जाते, हा निसर्गाचा नियम आहे. तो कोणासाठी बदलत नाही. महिन्याच्या शेवटी कंपनीचा माणूस येऊन पट्ट्या घेऊन जाई आणि त्या अतिशय नाजूक तराजूत तोलल्या जात. पट्टी जितकी झिजली, तितकी वीज जळाली. कडाक्याच्या थंडीत द्रावण गोठू नये म्हणून पेटीत एक दिवा ठेवलेला असे. थंडी वाढली की तो आपोआप लागे.

युक्ती मोठी नामी होती. परंतु तिच्यात एक उणीव होती. पट्ट्या तोलल्या जात त्या कंपनीच्या कचेरीत, ग्राहकाच्या पाठीमागे. ग्राहकाला पेटीकडे पाहून काहीच कळत नसे. काटा मारला की नाही हे ज्याला पाहता येत नाही, त्याच्या मनात शंका येणारच. मॉर्गन हा बडा सावकार एडिसनचा ग्राहक व भांडवलदारही होता. त्याच्या पेढीतही ती आली. एडिसनने राग मानला नाही. प्रत्येक दिव्यापाशी कार्ड लावून तो केव्हा लावला व केव्हा मालविला हे नोंदविण्याची व्यवस्था त्याने करविली. महिना संपला तेव्हा कार्डांचा हिशेब आणि मीटरचा हिशेब जुळेना. शोध घेता असे निघाले की, कचेरी बंद झाल्यावर झाडलोट करणारा नोकर दिवे लावीत असे आणि ते कार्डावर चढतच नसे. पुढील खेपेस तेही दिवे नोंदविले गेले आणि दोन्ही हिशेब जुळले. मीटर खरा ठरला. पण तो खरा ठरला तो कंपनीच्या अधिकाराने नव्हे, तर ग्राहकाच्या देखत झालेल्या पडताळणीने, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

एडिसनच्या चरित्रात पराभवाचीही पाने आहेत. त्याचा विद्युत्प्रवाह एकाच दिशेने वाहणारा होता व तो दूरवर नेणे परवडत नसे. वेस्टिंगहाउस प्रभृतींचा प्रत्यावर्ती प्रवाह मात्र दूरवर नेता येई. एडिसनने या नव्या पद्धतीस विरोध केला, ती धोक्याची म्हणून लोकांना भीती घातली, आणि शेवटी तो हरला. १८९२ मध्ये त्याची कंपनी दुसऱ्या कंपनीत मिसळून जनरल इलेक्ट्रिक झाली; नावातून एडिसन गेला. त्याचा मीटरही मागे पडला. १८८९ मध्ये हंगेरीच्या ओट्टो ब्लाथी याने प्रत्यावर्ती प्रवाहासाठी फिरत्या चकतीचा मीटर केला. आकडे पुढे सरकताना ग्राहकाला स्वतः पाहता येऊ लागले. आमच्या वडीलधाऱ्यांच्या घरी जी चकती गरगर फिरत असे, ती याच तत्त्वावरची. दराचा विचारही पुढे गेला. एडिसनचा एकेकाळचा चिटणीस सॅम्युएल इन्सल याने शिकागोत असे दर लावले की, वीज किती जळाली एवढेच नव्हे, तर एका वेळी जास्तीत जास्त किती मागितली, हेही त्यांत धरले जाई.

एडिसन मात्र स्वस्थ बसला नाही. लोहखनिजाच्या उद्योगात त्याची मोठी रक्कम बुडाली. तरी त्यानंतर त्याने अनेक वर्षे खपून नवा संचायक घट सिद्ध केला. १९१४ मध्ये आगीने त्याच्या कारखान्याचा मोठा भाग जळाला, तेव्हा वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी त्याने तो पुन्हा उभारावयास घेतला. अमेरिकेत त्याच्या नावावर १,०९३ पेटंटे आहेत. १८ ऑक्टोबर १९३१ रोजी तो निवर्तला. तीन दिवसांनी, रात्री दहा वाजता, अमेरिकेत ठिकठिकाणी काही क्षण दिवे मालवून लोकांनी त्याला आदरांजली वाहिली.

आता आपल्याकडे वळू. नवा स्मार्ट मीटर विजेची नोंद थोड्या थोड्या वेळाने ठेवतो आणि ती दूरवरूनच कंपनीला कळवितो. त्यामुळे दिवसाच्या वेळेप्रमाणे वेगळा दर लावणे शक्य होते. केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमांत, सूर्यप्रकाशाच्या तासांत वीज स्वस्त आणि गर्दीच्या तासांत महाग, असे तत्त्व आले आहे. मुंबईच्या उपनगरांत तर २००९ पासून ग्राहकाला एक कंपनी सोडून दुसरीकडून वीज घेण्याची वाट मोकळी झाली. हे सर्व लाभाचे होऊ शकते. परंतु २०२४ साली सुरत व बडोदे येथे प्रीपेड स्मार्ट मीटरविरुद्ध नागरिकांनी आवाज उठविला, हेही खरे. ज्या कुटुंबाचे पोट हातावर आहे, त्याला आधी भरलेली रक्कम संपली की अंधार होईल ही भीती वाटणे स्वाभाविक आहे. त्या भीतीला अडाणीपणा म्हणून हसू नये. मॉर्गनच्या पेढीस शंका आली, तर मजुराच्या खोलीत का येऊ नये?

शंकेवर उपाय पडताळणी हाच. मीटरविषयी तक्रार आल्यास कंपनीने पाच दिवसांत दुसरा मीटर बसवून निदान तीन महिने दोन्हींची तुलना करावी, असा नियम २०२४ मध्ये झाला आहे. आणि आमच्या विद्यार्थ्यांस तर याहून सोपा मार्ग आहे. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. दहा वॅटचा दिवा शंभर तास जळला की तेवढेच. वहीत आठवडाभर घरातील दिवे, पंखे व इस्त्री यांचे तास लिहावे, हिशेब करावा आणि मीटरच्या आकड्याशी ताडून पाहावा. जुळला तर घरातील शंका जाईल. न जुळला तर आधी आपलीच वही पुन्हा तपासावी. कोणता दिवा नोंदवावयाचा राहिला ते पाहावे. तरीही न जुळला, तर वही हाती घेऊन वडिलांबरोबर वीज कचेरीत जावे.

एडिसनने जगाला प्रकाश दिला, आणि त्याबरोबर त्या प्रकाशाचे माप दिले. माप देणाऱ्याने पडताळणीस भिऊ नये, आणि माप घेणाऱ्याने हिशेबाचा कंटाळा करू नये, एवढा बोध त्याच्या चरित्रातून आमच्या विद्यार्थ्यांनी घेतला, तर हा लेख लिहिण्याचे श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू.