पेशीला फुटलेले हात

बँकेत मी तीस वर्षे सह्या ताडून पाहिल्या. चेकवरची सही नमुना-कार्डावरच्या सहीशी जुळली, की पैसे द्यायचे. गेल्या वर्षी आमच्या दादाच्या रक्ताचा अहवाल आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तपासणी समजावली ती अशीच वाटली. रक्तातल्या बी-पेशींच्या अंगावर ग्राही, म्हणजे रिसेप्टर असतात. चमकता रंग जोडलेली प्रतिपिंडे रक्तात मिसळली, की ती आपापल्या ग्राहीलाच चिकटतात आणि पेशी उजळते. त्यावरूनच दादाच्या आजाराचे नाव ठरले. त्या रात्री मी पॉल एर्लिख यांचे चरित्र वाचायला घेतले.

एर्लिख यांचा जन्म १४ मार्च १८५४चा, सायलेशियातल्या स्ट्रेलेन गावचा. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. आईच्या माहेरचे नातलग कार्ल वायगर्ट यांनी त्यांना पेशी रंगवण्याचा नाद लावला. एक रंग एकाच पेशीला धरतो, शेजारणीला का नाही? हा प्रश्न त्यांना जन्मभर पुरला. क्षयाचे जंतू रंगवण्याची कॉख यांची रीत त्यांनी १८८२ साली सुधारली. पुढे त्याच रीतीने स्वतःच्या थुंकीत तेच जंतू दिसले! पत्नी हेड्विगसह ते इजिप्तच्या कोरड्या हवेत गेले आणि बरे होऊन परतले.

घटसर्पावरच्या लसद्रव्याची ताकद मोजताना, १८९७ साली, त्यांनी एक कल्पना मांडली. पेशीला जणू बारीक हात असतात. विष एखाद्या हाताला बिलगले, की पेशी तसेच हात भरमसाट तयार करते; ते सुटून रक्तात येतात, तीच प्रतिपिंडे. अनेकांना हे निव्वळ चित्र वाटले. १९०८ साली नोबेल मिळाले, १९१० साली उपदंशावरचे साल्व्हारसान बाजारात आले आणि २० ऑगस्ट १९१५ रोजी ते वारले.

मग कल्पनेचेही दिवस फिरले. प्रयोगशाळेत नव्याने घडवलेल्या रसायनांविरुद्धही शरीर प्रतिपिंडे बनवते, हे लँडस्टायनर यांनी दाखवले. जे जगात नव्हतेच, त्यासाठी हात आधीपासून कसे असतील? सिद्धान्त कोपऱ्यात गेला. एर्लिख ज्यू, नाझींनी फ्रँकफुर्टच्या रस्त्यावरून त्यांचे नाव पुसले, हेड्विगबाईंना देश सोडावा लागला.

उत्तर मिळायला १९५७ साल उजाडले. एका पेशीला नाना तऱ्हेचे हात नसतात. प्रत्येकीची तऱ्हा एकच, पण पेशी असंख्य, असे बर्नेट यांनी मांडले. एर्लिख यांची चूक तेवढीच होती. १९७०च्या सुमारास बी-पेशींवरचे हात प्रत्यक्ष दिसले. कशाने? रंग जोडलेल्या प्रतिपिंडांनी! त्यांचेच दोन छंद त्यांच्या बाजूने साक्षीला उभे राहिले, त्यांच्या मृत्यूनंतर अर्ध्या शतकाने.

दादाचे उपचार चालू आहेत. परवा त्याला ही हकिकत सांगितली. ऐकून घेतली, आणि एर्लिखना मुलेबाळे होती का, एवढेच विचारले. दोन मुली, मी म्हणालो.