लक्ष्मीबाईंनी पुरे केलेले काम



रविवारचे प्रवचन लिहायला आम्ही बसतो, तेव्हा दहा मिनिटांत दोनदा मोबाईल हातात येतो. दारावर कोणी आले की उठायला निमित्तच मिळते. मग शनिवारी रात्री घाई! गेल्या शनिवारी अशाच घाईत आपल्या जिल्ह्यात राहिलेल्या लक्ष्मीबाई टिळकांची आठवण झाली.

त्यांचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. शाळा पाहिली नाही. लग्न लहानपणी झाले आणि अक्षरओळख लग्नानंतर पती नारायण वामन टिळकांकडून. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला व संसार दुभंगला. काही वर्षांनी त्या पतीकडे परतल्या आणि १९०० मध्ये राहुरीला त्यांनीही स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. हे कुटुंब प्रॉटेस्टंट मिशनमधले. पण टिळकांची गीते आपणही चर्चमध्ये गातोच.

टिळक मोठे कवी, पण चित्त एका जागी ठरत नसे. न सांगता घराबाहेर पडावे, हातचा पैसा गरजूला देऊन टाकावा. घर सांभाळायचे लक्ष्मीबाईंनी. १९०९ मध्ये त्यांनी ‘ख्रिस्तायन’ हे प्रभू येशूच्या जीवनावरील महाकाव्य हाती घेतले. ९ मे १९१९ रोजी ते वारले, तेव्हा अकरावा अध्याय अर्धाच होता. त्यांना दोष देण्यास आमची जीभ रेटत नाही, कारण त्यांचा बराचसा वेळ माणसांसाठीच गेला.

अपुरे काव्य पुढे लक्ष्मीबाईंनी उचलले. वय पन्नाशीपुढचे. शाळेत न गेलेल्या विधवेने एवढ्या कवीच्या ओवीला आपली ओवी जोडायची, हे धाडसच होते. चूल, आजारपणे, प्लेगच्या रुग्णांची सेवा, घरात वाढणारी दुसऱ्यांची मुले, यांतच त्यांचे आयुष्य गेले होते. निवांत खोली त्यांना ठाऊक नव्हती. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना एकाग्रता म्हणजे एकांत, असे आम्ही धरून चाललो होतो. लक्ष्मीबाईंकडे पाहून ते आता पटत नाही. उठावे लागले तरी परत कामाशी येऊन बसणे, हेच त्यांना साधले असावे.

त्यांनी चौसष्ट अध्याय लिहिले. त्याच काळात ‘स्मृतिचित्रे’ही लिहिली, तिचा पहिला भाग १९३४ मध्ये निघाला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या वारल्या. ‘ख्रिस्तायना’चा शेवटचा अध्याय मुलगा देवदत्त यांनी लिहिला आणि १९३८ मध्ये ग्रंथ छापून निघाला.