कॉलिन चॅपमन

अँथनी कॉलिन ब्रूस चॅपमन (१९ मे, १९२८ – १६ डिसेंबर, १९८२) हे ब्रिटिश मोटार अभियंते आणि लोटस या स्पोर्ट्स कार व शर्यतीच्या मोटारी बनवणाऱ्या उद्योगाचे संस्थापक होते. त्यांच्या हयातीत लोटस संघाने फॉर्म्युला वनची सात संघ-विजेतेपदे आणि सहा चालक-विजेतेपदे मिळवली. मोटारीचे वजन घटवणे हे त्यांच्या रचनेचे मुख्य सूत्र होते. या सूत्राने त्यांना जगज्जेते केले आणि त्याच सूत्रामुळे त्यांच्या मोटारींवर ठिसूळपणाचा आरोपही कायम राहिला. त्यांच्या व्यवसायाचा आरंभ मात्र एका न विकल्या गेलेल्या जुन्या मोटारीपासून झाला.

जन्म व शिक्षण

चॅपमन यांचा जन्म इंग्लंडमधील सरे परगण्यातील रिचमंड येथे झाला. त्यांचे वडील उत्तर लंडनमधील हॉर्न्सी येथे रेल्वे हॉटेल चालवीत असत आणि कॉलिन यांचे बालपण त्याच परिसरात गेले. १९४५ मध्ये त्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात स्थापत्य-संरचना अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमास प्रवेश घेतला. विद्यापीठाच्या हवाई पथकात ते विमान चालवण्यासही शिकले. अंतिम परीक्षेत गणिताच्या विषयात अनुत्तीर्ण झाल्यामुळे त्यांना पदवी एक वर्ष उशिरा, १९४९ मध्ये मिळाली. पूल आणि इमारतींचा भार कोणत्या अवयवातून कसा वाहतो याचे हे शिक्षण आणि विमानाच्या हलक्या, ताणलेल्या पत्र्याच्या कवचाचा परिचय, या दोन गोष्टी त्यांच्या पुढील सर्व कामात दिसतात. मोटार अभियांत्रिकीचे औपचारिक शिक्षण त्यांनी घेतले नव्हते.

जुन्या मोटारींचा व्यापार

महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये नव्या मोटारी प्रामुख्याने निर्यातीसाठी राखलेल्या असत. त्यामुळे जुन्या मोटारींना चांगली किंमत येई. कॉलेजात असतानाच चॅपमन यांनी एका मित्राच्या भागीदारीत जुन्या मोटारी घेऊन, दुरुस्त करून विकण्यास सुरुवात केली. तासिका आणि व्यापार यांत त्यांचा दिवस जाई, आणि बऱ्याचदा तासिकांनाच फाटा मिळे. घेतलेली गाडी दोनचार दिवसांत विकण्याजोगी करायची असल्याने दोष नेमका कोठे आहे हे लवकर ओळखण्याची सवय त्यांना येथेच लागली.

१९४७ च्या अखेरीस सरकारने खासगी मोटारींना मिळणारा पेट्रोलचा मूळ शिधा बंद केला आणि हा बाजार एकाएकी कोसळला. हाती असलेल्या गाड्या तोट्यात विकाव्या लागल्या; आधीची बहुतेक कमाई त्यात गेली. एक ऑस्टिन सेव्हन मात्र शिल्लक राहिली.

ऑस्टिन सेव्हन आणि पहिली लोटस

ऑस्टिन सेव्हन ही १९२२ पासून बनणारी, ७४७ घनसेंटिमीटर इंजिनाची अतिशय लहान मोटार होती. ती स्वस्त असल्याने हौशी शर्यतपटूंची आवडती होती, पण तिचे दोषही सर्वांना ठाऊक होते. इंग्रजी ए अक्षराच्या आकाराचा तिचा सांगाडा खडबडीत रस्त्यावर पिळवटला जाई. मागचे पाटे अशा रीतीने बसवलेले होते की वळणावर गाडी कलली की मागचा आस स्वतःच थोडा वळे आणि गाडीचे शेपूट बाहेर फेकले जाई. ब्रेक तारेने ओढले जाणारे आणि दुबळे होते.

अशी गाडी घेणारा सामान्य हौशी माणूस प्रथम इंजिनाची ताकद वाढवण्याच्या मागे लागे. चॅपमन यांनी उलट दिशेने विचार केला. सांगाडा वाकत असेल तर चाके, पाटे आणि स्टिअरिंग यांची जुळणी कितीही काळजीपूर्वक केली तरी ती टिकणार नाही; तेव्हा आधी सांगाडा ताठ केला पाहिजे. त्यासाठी त्यांनी सांगाड्यावर लोखंडाची भर घातली नाही. जुनी बॉडी काढून टाकून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा चिकटवलेल्या प्लायवूडची नवी बॉडी केली, तिच्यात आडवे पडदे घातले आणि ती अशी जोडली की बॉडी स्वतःच भार घेऊ लागली. विमानाच्या धडाचे हे तत्त्व एका मोडकळीला आलेल्या गाडीवर लावले गेले.

हे काम त्यांची मैत्रीण आणि पुढे पत्नी झालेल्या हेझल विल्यम्स यांच्या आईवडिलांच्या घरामागील गॅरेजात झाले. काम बहुतेक रात्री आणि सुट्टीच्या दिवशी चाले. हेझल स्वतः त्यात हात घालीत. १९४८ मध्ये ही गाडी चिखलाच्या आणि निसरड्या चढांच्या स्पर्धांत उतरली. या स्पर्धांत वेगापेक्षा चाकांची पकड महत्त्वाची असते. गाडीने आपल्या वर्गात पारितोषिके मिळवली. तिला लोटस हे नाव दिले गेले. भारतीय वाचकास कमळाचे हे नाव ओळखीचे वाटेल, परंतु ते का निवडले याचा खुलासा चॅपमन यांनी कधीच केला नाही.

तिसऱ्या मोटारीत त्यांच्या दोषशोधक बुद्धीचा आणखी एक नमुना आढळतो. ऑस्टिन इंजिनात दोन-दोन सिलिंडरांना मिळून एकच प्रवेशद्वार असे. त्यामुळे शेजारच्या सिलिंडरांत हवा-पेट्रोलच्या मिश्रणाची ओढाताण होई. चॅपमन यांनी प्रवेशनलिकेला मधून पडदा घालून प्रत्येक सिलिंडरचा मार्ग वेगळा केला. १९५१ च्या ७५० फॉर्म्युला शर्यतींत ती गाडी इतकी पुढे राहू लागली की आयोजकांनी पुढे नियम बदलून ही युक्ती बंद केली. नियमात न लिहिलेली जागा शोधणे आणि मग नियम बदलला जाणे, हे त्यांच्या कारकिर्दीत वारंवार घडले.

लोटस कंपनी

हवाई दलातील अल्पकाळानंतर चॅपमन ब्रिटिश ॲल्युमिनियम कंपनीत नोकरीस लागले. १९५२ च्या आरंभी त्यांनी मायकेल ॲलन यांच्यासह लोटस इंजिनिअरिंग सुरू केले. हेझल यांच्याकडून घेतलेले २५ पौंड हे आरंभीचे भांडवल होते आणि वडिलांच्या हॉटेलमागील जुने तबेले हा कारखाना होता. १९५४ मध्ये कॉलिन व हेझल यांचा विवाह झाला. १९५५ पासून चॅपमन यांनी नोकरी सोडून पूर्ण वेळ लोटसला दिला.

मार्क सहा आणि १९५७ ची लोटस सेव्हन या गाड्या सुट्या भागांच्या संचातही विकल्या जात. पूर्ण मोटारीवर विक्रीकर होता, भागांवर नव्हता, हे त्यामागील कारण. जोडणीच्या सूचना पुरवल्यास कराची सवलत जाईल म्हणून गाडी खोलण्याच्या सूचना देऊन त्या उलट क्रमाने वाचाव्यात अशी सोय केली गेली, अशी आख्यायिका सांगितली जाते. १९५७ मध्येच दाखवलेली एलीट ही मोटार संपूर्ण फायबरग्लासच्या एकसंध कवचाची होती. ती देखणी ठरली, पण कंपनीला तोट्यात घेऊन गेली.

लोटस इलान आणि तिचे दोष

१९६२ ची इलान ही चॅपमन यांच्या रस्त्यावरील मोटारींपैकी सर्वांत यशस्वी म्हणावी लागेल. फोर्डच्या इंजिनावर दोन कॅमशाफ्टचे ॲल्युमिनियम हेड बसवून केलेले १५५८ घनसेंटिमीटरचे इंजिन, पत्रा वाकवून केलेला मधल्या कण्यासारखा पोलादी सांगाडा आणि वर फायबरग्लासची हलकी बॉडी अशी तिची रचना होती. पुढच्या चाकांचे काही भाग ट्रायम्फ हेराल्डच्या कुळातून घेतले होते. हीच हेराल्ड भारतात मद्रासच्या कारखान्यातून स्टँडर्ड हेराल्ड या नावाने विकली जात असे. १९७३ पर्यंत इलानचे उत्पादन चालले आणि आजही जुनी इलान विकत घेणारे पुष्कळ आहेत. नव्या मालकाला तिच्यात जे दोष भेटतात ते बहुतेक रचनाकाराच्या निर्णयांतूनच आलेले असल्याने त्यांचा उल्लेख चॅपमन यांच्या चरित्रात अप्रस्तुत ठरत नाही.

पहिला त्रास विजेचा असतो. लोखंडी बॉडीच्या मोटारीत बॉडी हीच परतीची तार असते. फायबरग्लासमधून वीज वाहत नाही. त्यामुळे प्रत्येक दिव्याला व उपकरणाला अर्थिंगची स्वतंत्र तार द्यावी लागते. ती तार जिथे जोडली आहे तिथे गंज चढला की दिवे मंद होतात, एक दिवा लावला की दुसरा मिणमिणतो, काटे खोटे आकडे दाखवू लागतात. नवखा मालक अशा वेळी डायनामो बदलतो. अनुभवी मिस्त्री आधी अर्थिंगची टोके घासून स्वच्छ करतो.

दुसरा दोष चालवताना जाणवतो. मागच्या चाकांना शक्ती देणाऱ्या प्रत्येक अर्ध्या शाफ्टवर दोन, असे चार जाड रबरी कपलिंग आहेत. नेहमीच्या लोखंडी सांध्यांपेक्षा ही व्यवस्था सोपी होती. रबर म्हातारे झाले की ॲक्सिलरेटर दाबताना-सोडताना गाडी हिसके खाते. हा क्लचचा किंवा कार्बोरेटरचा दोष वाटू शकतो; पण गाडी वर घेऊन कपलिंगच्या रबराला भेगा आहेत का हे पाहिल्यावाचून दुसरे काही खोलू नये. कपलिंग चालत्या गाडीत तुटल्यास सुटलेला शाफ्ट आसपासचे भाग फोडून काढतो.

पुढचे दिवे इंजिनाच्या निर्वाताने वर उचलले जातात आणि त्या निर्वाताची टाकी म्हणून सांगाड्याची पुढची आडवी नळीच वापरली आहे. एका भागाकडून दोन कामे करून घेण्याची ही खास चॅपमन पद्धत. रबरी नळ्या चिरल्या किंवा आडव्या नळीला गंजाने भोक पडले की दिवे हळूहळू मिटतात, आणि हे रात्री घडते. दिवे वर करून इंजिन बंद करावे व ते किती वेळ टिकतात ते पाहावे. नळ्या बदलूनही ते टिकत नसतील तर दोष सांगाड्यात आहे. पुढच्या सस्पेन्शनच्या उभ्या खांबांत पाणी निघून जाण्याचे भोक कचऱ्याने बुजते आणि पत्रा आतून खातो; बाहेरचा रंग मात्र शाबूत दिसतो. म्हणून चकचकीत बॉडी पाहून इलान घेणाऱ्याची फसगत होते.

कार्बोरेटर रबरी कड्यांवर थोडे सैल बसवलेले असतात. सैल दिसतात म्हणून कोणी नट करकचून आवळले की इंजिनाचा हादरा थेट कार्बोरेटरला बसून आतल्या पेट्रोलला फेस येतो आणि वरच्या वेगात इंजिन मिसिंग करते. वॉटर पंप तर इंजिनाच्या पुढच्या कव्हरातच बसवलेला आहे. त्याचे बेअरिंग गेले की अर्धे इंजिन खोलावे लागते, आणि ते बहुधा पट्टा फार ताणल्यानेच जाते.

शर्यती: यश आणि मृत्यू

चॅपमन स्वतः चांगले चालक होते. १९५६ मध्ये वॅनवॉल संघासाठी त्यांनी सांगाडा रचला. त्याच वर्षी फ्रेंच ग्रां प्रीच्या सरावात त्यांची गाडी सहकाऱ्याच्या गाडीवर आदळली आणि ग्रां प्री शर्यतीत ते पुन्हा कधी उतरले नाहीत. लोटस संघ १९५८ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये आला. १९६२ च्या लोटस २५ मध्ये नळ्यांच्या सांगाड्याऐवजी पत्र्याचे एकसंध धड होते. पुढे सर्वच संघांनी ही पद्धत घेतली. जिम क्लार्क यांनी लोटसमधून १९६३ व १९६५ ची जगज्जेतेपदे आणि १९६५ ची इंडियानापोलिस ५०० जिंकली. १९६६ मध्ये कंपनी नॉरफॉकमधील हेथेल येथील जुन्या धावपट्टीवर हलली. १९६७ च्या लोटस ४९ मध्ये इंजिनच गाडीच्या मागील भागाचा सांगाडा बनले. संघ जिंकला की चॅपमन आपली काळी टोपी हवेत भिरकावीत.

या यशाची दुसरी बाजू १९६० मध्येच दिसली होती. बेल्जियमच्या स्पा येथे सरावात स्टर्लिंग मॉस यांच्या लोटसचे मागचे चाक निखळले आणि त्यांचे दोन्ही पाय मोडले. त्याच दिवशी माइक टेलर यांच्या लोटसचे स्टिअरिंग तुटले. टेलर यांनी कंपनीविरुद्ध दावा लावून तो जिंकला. १९६८ मध्ये क्लार्क हॉकेनहाइम येथे मरण पावले. १९६९ च्या स्पॅनिश ग्रां प्रीत ग्रॅहॅम हिल आणि योखेन रिंट या दोघांच्याही गाड्यांचे उंच पंख मोडले. रिंट यांनी गाडीच्या ठिसूळपणाबद्दल चॅपमन यांना लेखी तक्रार केली होती. ५ सप्टेंबर १९७० रोजी मोन्झा येथे सरावात त्यांच्या लोटस ७२ चा पुढचा ब्रेकशाफ्ट तुटून ते ठार झाले. त्या वर्षीचे जगज्जेतेपद त्यांना मरणोत्तर मिळाले. वजन कमी करताना भागाच्या आयुष्याचा हिशेब किती बारीक करावा, हा प्रश्न चॅपमन यांच्या बाबतीत केवळ तांत्रिक राहत नाही.

त्यानंतरही नवे शोध थांबले नाहीत. लोटस ७८ व ७९ मध्ये गाडीच्या तळाचा आकार उलट्या पंखासारखा करून तिला जमिनीकडे ओढून घेण्यात आले आणि १९७८ मध्ये मारियो आंद्रेटी जगज्जेते झाले. त्याच हंगामात रॉनी पीटरसन यांचा मोन्झातील अपघातानंतर मृत्यू झाला.

डीलोरियन प्रकरण आणि निधन

लोटसने डीलोरियन मोटारीच्या अभियांत्रिकीचे काम घेतले होते. १९८२ मध्ये ती कंपनी बुडाल्यावर ब्रिटिश सरकारचे पैसे पनामातील एका कंपनीमार्फत गायब झाल्याचे उघड झाले. चौकशी पुढे सरकण्याआधीच, १६ डिसेंबर १९८२ रोजी, चॅपमन यांचे हृदयविकाराच्या झटक्याने ५४ व्या वर्षी निधन झाले. लोटसचे हिशेबतज्ज्ञ फ्रेड बुशेल यांना १९९२ मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली. चॅपमन जिवंत असते तर त्यांना किमान दहा वर्षे झाली असती, असे न्यायाधीशांनी तेव्हा सुनावले.

फॉर्म्युला वनमधील लोटस संघ १९९४ पर्यंत टिकला. इलानचे जस्तलेपित नवे सांगाडे कंपनीनेच पुढे विक्रीस आणल्याने अनेक जुन्या इलान आज मूळच्यापेक्षा मजबूत सांगाड्यावर धावतात. ऑस्टिन सेव्हनपासून बनलेली पहिली लोटस १९५० मध्ये विकली गेली आणि त्यानंतर तिचा माग लागलेला नाही. कंपनीच्या सत्तराव्या वर्षी, २०१८ मध्ये, ती कोणाच्या तरी जुन्या गॅरेजात पडून असेल या आशेने तिचा शोध पुन्हा सुरू करण्यात आला.