भास्कराचार्य

सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेल्या विज्जडविड नावाच्या गावी शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ च्या सुमारास भास्कराचार्यांचा जन्म झाला. हे गाव नेमके कोणते, याविषयी विद्वानांत एकमत नाही. पुष्कळजण ते चाळीसगावजवळच्या पाटण परिसरात असावे असे मानतात. वडील महेश्वर हे ज्योतिषशास्त्रात पारंगत होते. भास्करांनी त्यांच्याचपाशी विद्या संपादन केली आणि वयाच्या ३६ व्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, ‘सिद्धांतशिरोमणि’ हा थोर ग्रंथ सिद्ध केला. त्याचा पहिला भाग ‘लीलावती’. लीलावती ही त्यांची कन्या होती व घटिकापात्रात मोती पडून तिचा विवाहमुहूर्त टळला, अशी कथा सांगतात. पण ती त्यांच्या ग्रंथात कोठेही नाही.

या ग्रंथात ‘कुट्टक’ नावाची रीत आहे. तिचे मूळ इ. स. ४९९ मधील आर्यभटांच्या ग्रंथात आहे. पण तिच्या पायऱ्या भास्करांनी फार स्वच्छ मांडल्या. समजा, वऱ्हाडातील रिसोड गावच्या बाजारात प्रत्येक टोपलीत ७ संत्री आहेत आणि १ संत्रे सुटे आहे. ती सारी ५ जणांत समान वाटावयाची, तर निदान किती टोपल्या घ्याव्या?

प्रथम ७ ला ५ ने भागावे: भागाकार १, बाकी २. मग ५ ला २ ने भागावे: भागाकार २, बाकी १. बाकी १ उरली की थांबावे. हे भागाकार एकाखाली एक लिहून त्यांखाली सुटे १ व शेवटी ० लिहावे. या उतरंडीला ‘वल्ली’ म्हणतात. खालून दुसऱ्या आकड्याने त्याच्या वरच्यास गुणून त्यात तळचा आकडा मिळवावा; येईल ते वरच्याच्या जागी लिहावे व तळचा पुसावा. दोनच आकडे उरेपर्यंत असे करीत जावे. येथे ३ व २ उरतात. खालचा २ हे उत्तर. दोन टोपल्यांची १४ व सुटे १, मिळून १५.

आता टोपलीत ८ संत्री धरा. भागाकार १, १, १ असे तीन येतात. वल्ली सोडविली की पुन्हा ३ व २ च उरतात! परंतु दोन टोपल्यांची १६ व सुटे १ मिळून १७ होतात, आणि वाटणी फसते. दोन टोपल्यांतून एक संत्रे काढले तर ती जमते. आपणास तर एक मिळवावयाचे आहे. प्रत्येक भागाकारागणिक उत्तराची बाजू अशी पालटत असते. म्हणून भास्करांनी अट घातली: भागाकारांची संख्या सम असेल तर उत्तर तसेच ठेवावे, विषम असेल तर ते भाजकातून वजा करावे. ५ मधून २ गेले, ३ राहिले. तीन टोपल्यांची २४ व १, मिळून २५. आणि टोपलीत १० संत्री असतील तर? १० व ५ यांना ५ ने भाग जातो, सुट्या १ ला जात नाही. असा प्रश्नच सदोष, म्हणून पुढे जाऊच नये.

गणितातील फलनांच्या धर्तीवर संगणकाची आज्ञावली रचणारे आज हेच करतात. माहिती एका पायरीवरून दुसरीवर जाते. मधली एखादी पायरी अट पुरी झाली तरच तिला बदलते, एरवी ती जशीच्या तशी पुढे सोडते. ती अट विसरली, तर बाकी सर्व पायऱ्या अचूक असूनही उत्तर चुकते. ग्रहांची गणिते करणाऱ्या भास्करांना ही चूक परवडणारी नव्हती.

वयाच्या ६९ व्या वर्षी त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिले. पुत्र लक्ष्मीधर यास यादवराजा जैत्रपाल याने आपल्या पदरी नेले. नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांचे अध्यापन चालावे म्हणून पाटण येथे मठ स्थापिला व इ. स. १२०७ मध्ये त्यास दाने मिळाली. तो शिलालेख पुढे एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. कुळाची थोरवी त्यात संस्कृतात आहे; दानांचा तपशील मात्र सर्वांस कळावा अशा तेव्हाच्या मराठीत कोरलेला आहे.