४४ सामन्यांचा माइक

व्यावसायिक बेसबॉल १७ वर्षं. त्यात मोठ्या लीगचे सामने किती? ४४. होमरन दोन. माइक कूलबॉ हे नाव सर्च केलंत तर हाच आकडा आधी डोळ्यांसमोर येतो आणि आपण ‘फ्लॉप’ म्हणून पुढे सरकतो. थांबा जरा.

अमेरिकेत प्रत्येक मोठ्या संघाच्या खाली छोट्या संघांची शिडी असते. सिंगल-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. याला म्हणतात मायनर लीग. आपल्या रणजीची आठवण होते, पण फरक आहे. रणजीवाला मुंबईचा नाहीतर विदर्भाचा असतो. मायनरवाला वरच्या क्लबशी बांधलेला. फोन आला की बॅग भरायची आणि दुसऱ्या गावी हजर व्हायचं. पगार बेताचा, बसचे प्रवास लांबलचक, आणि डोक्यात एकच गोष्ट: वरून बोलावणं कधी येतंय.

माइकचा जन्म १९७२चा, न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅमटनचा. वाढला टेक्सासमध्ये, सॅन अँटोनियोला. थोरला भाऊ स्कॉट मोठ्या लीगपर्यंत पोचलेला, म्हणजे घरातच मापदंड! १९९० मध्ये टोरांटो ब्लू जेजने माइकला निवडलं, तेव्हा तो १८ वर्षांचा होता. मिल्वॉकी ब्रुअर्सकडून तो मोठ्या लीगमध्ये पहिल्यांदा उतरला तो थेट जुलै २००१ मध्ये. अकरा वर्षं! एमपीएससीचे अटेम्प्ट मोजणाऱ्यांना हा आकडा वेगळा समजावून सांगायला नको.

त्या वर्षी ३९ सामने मिळाले, पुढच्या वर्षी सेंट लुइस कार्डिनल्सकडून पाच. संपलं. २००३ मध्ये तो कोरियात जाऊन खेळला, परत आला, पुन्हा शिडीच्या खालच्या पायरीवर. मायनर लीगमध्ये त्याने अडीचशेहून जास्त होमरन मारले. हा नुसता चिवटपणा नव्हे, यात खेळ होता. पण तिसऱ्या बेसवर उभं राहायला वर जागा एकच असते आणि तिथे बहुतेक वेळा दुसरा कुणीतरी आधीच उभा असतो. लायकी आणि संधी यांच्यात केवढी फट असू शकते, ते माइककडे बघून कळतं.

२००७ मध्ये तो खेळाडू राहिला नव्हता. ३ जुलैला त्याने तुल्सा ड्रिलर्स या डबल-ए संघात बॅटिंग कोचची नोकरी धरली. घरी दोन लहान मुलं, बायको तिसऱ्यांदा गरोदर. बाबा मैदानात दिसले की मुलं खूश व्हायची, म्हणून घरच्यांनाही ही नोकरी आवडली होती.

२२ जुलै, रविवार. अर्कान्सासमधलं नॉर्थ लिटल रॉक. आपला संघ बॅटिंग करत असताना एक कोच पहिल्या बेसजवळ उभा राहतो, धावणाऱ्याला थांब, पळ असं सांगायला. त्या दिवशी तिथे माइक होता, डोक्यावर साधी कॅप. नववी इनिंग चालू होती. त्याच्याच संघातल्या बॅटरचा एक फटका फाऊल होऊन सरळ त्याच्या दिशेने आला. बाजूला व्हायला वेळच मिळाला नाही. चेंडू मानेवर, डाव्या कानाच्या खाली बसला. मणक्यालगत मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी चिरडली गेली. वय ३५. कोच होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. ज्याने तो फटका मारला, त्या पोराची यात काय चूक? काहीच नाही. पण ते त्याला कोण पटवणार!

क्रिकेटवाल्यांना हे वाचताना फिल ह्यूज आठवला असेल. २०१४, सिडनी. जागा तीच, मान. रक्तवाहिनीही तीच.

तुल्सा तेव्हा कोलोरॅडो रॉकीज या मोठ्या संघाचा खालचा संघ होता. नेमके त्याच वर्षी रॉकीज त्यांच्या इतिहासात पहिल्यांदा वर्ल्ड सीरिजला पोचले. तिथवर जाताना प्लेऑफच्या एका सामन्यात पहिला चेंडू टाकायचा मान माइकच्या दोन चिमुकल्या मुलांना दिला गेला. बक्षिसाच्या पैशाचे वाटे ठरवायला खेळाडू बसले, तेव्हा त्यांनी मत देऊन माइकच्या कुटुंबासाठी एक पूर्ण वाटा ठेवला. बदली खेळाडूचा अर्धामुर्धा नाही, पूर्ण. दोन लाख डॉलरहून जास्त. यातल्या कितीजणांनी माइकला जवळून पाहिलं असेल? तिसरं मूल, मुलगी, वडील गेल्यानंतर जन्मली.

२००८ पासून बेसजवळच्या कोचना हेल्मेट सक्तीचं झालं. कुरकूर झालीच. लॅरी बोवासारख्या जुन्या कोचने सरळ विरोध केला, सवय नाही, नको म्हणून. मायनर लीगने त्याच वर्षी तरुण खेळाडूंना घडवणाऱ्या कोचसाठी माइकच्या नावाने पुरस्कारही सुरू केला. ४४ सामनेवाल्याच्या नावाने!

एक गोष्ट मात्र टोचते. माइकला चेंडू लागला मानेवर, डोक्यावर नाही. ते हेल्मेट असतं तरी तो वाचला असता, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. ह्यूजनंतर क्रिकेटच्या हेल्मेटला मागे मान झाकणारे गार्ड आले, तुमच्या कॉलेजच्या किटमध्येही कदाचित असतील. बेसजवळच्या कोचचं हेल्मेट मात्र डोक्यापुरतंच आहे. मान अजून उघडीच.